मवाळ, जहाल आणि शमुवेल आप्पा

परवा एका साखरपुड्यात शमुवेल आप्पांनी नवऱ्या मुलाकडे नीट निरखून पाहिलं आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "पोरगा मवाळ हाय. आई जहाल. निभंल." मुलीच्या बापाचा घास हातातच राहिला.

आप्पांची ही भाषा कागदी लिंबाच्या रोगातून आली. कवठे येमाईत त्यांची आणि आमची जमीन एकाच बांधाला. कुरकुंभच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर त्यांनी बाग लावली आणि काही वर्षांत झाडं शेंड्याकडून वाळू लागली. तपासायला आलेल्या कृषी खात्याच्या मॅडमनी समजावलं : विषाणू एकच, पण वाढता वाढता त्याची आतली रचना बदलत जाते. काही प्रकार सौम्य, झाडाला जगू देतात. काही तीव्र, उभं झाड वाळवतात. सौम्य आधी आत शिरलेला असेल, तर कधीकधी तो तीव्र भावाला थोपवतो.

आप्पांनी सौम्य-तीव्रचं शाळेतल्या इतिहासाप्रमाणे मवाळ-जहाल केलं. "कधीकधी" मात्र त्यांनी ऐकलंच नाही.

बांधावरचं एक झाड त्यांनी मवाळ ठरवलं. रोज संध्याकाळी त्याचं पान उन्हात धरून शिरा बघायच्या आणि मला हाक मारायची.

"ताई, ह्याच्या सालीचा तुकडा तुमच्या रोपांना बांधा. लस हाय ती."

"आप्पा, मी माव्याची कीड मारणार, कात्री धुऊन वापरणार, रोपं खात्रीची आणणार. माझं ठरलंय."

"तुमी जहालच!"

"आणि तुमचा मुलगा?"

"त्यो मवाळ. भांडत न्हाई. फोन बी करत न्हाई."

हा वाद रोजचा. कणीक मळून झाली की मी त्याच्यासाठी थोडा वेळ राखूनच ठेवायची.

या उन्हाळ्यात तेच झाड वाळायला लागलं. नमुना तपासायला गेला. मॅडमचा फोन आला तेव्हा आप्पांनी स्पीकर लावला. झाडात आता दोन्ही प्रकार होते. "उपटून टाका. नाहीतर मावा तो रोग शेजारच्या नव्या रोपांवर नेईल."

शेजारची रोपं म्हणजे माझी. मी भांडणाच्या तयारीत उभी राहिले.  आप्पांनी फोन खिशात घातला आणि ते घरी गेले.

सकाळी मी कुदळ घेऊन गेले, तर झाड मुळासकट आडवं. आप्पा घामाघूम.

"हाक मारायची ना! या वयात एकट्यानं कशाला?"

"तुमच्या रोपांना लागलं असतं."

"पावसाळ्यात मी खात्रीचं रोप देते. इथंच लावा."

"रोप नको. खात्रीच्या रोपाचं पान रोज कशाला बगायचं?" ते खड्ड्याकडे बघत राहिले. "माझी बाकीची बाग पार विहिरीपाशी हाय, ताई. ह्या टोकाला हे येकच झाड व्हतं, म्हनून मी येत व्हतो. आता सांजच्याला हिकडं कशापायी जातो, असं कुनी इचारलं तर काय सांगू?"

मी कुदळ खाली ठेवली. 

आप्पा पायानं खड्ड्यात माती लोटू लागले. थोडी थोडी, संपू नये अशी.