दमबंदीची बखर

श्वास ज्याचा आणि तो परत मागण्याचा हक्कही ज्याचा, त्या वायुदेवास नमन करून लिहिले. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सर, चैत्रमास. नगरीच्या पूर्वेस हुतूतूचे मैदान आहे, तेथे हरळी उगवली. हरळी पडीक जागी आधी कडेकडेने येते. जेथे रोज पाय पडतात ती जागा सर्वांत शेवटी धरते. येथे ती मधल्या रेषेवर आली होती आणि पेऱ्यापेऱ्यास मुळ्या फुटून खाली उतरली होती. त्यावरून मैदान ओस पडून बराच काळ लोटला ऐसे समजावे. ते कैसे ओस पडिले, त्याचे वर्तमान.

मोहीम संपली आणि फौज मोडली आणि तरणी पोरे घरी बसली. मग हातास काम नाही म्हणून चिलीम आली, आणि चिलमीत गांजा आला, आणि मागोमाग अफू आली. तेव्हा वस्ताद येमाजी यांनी मैदान साफ करून पोरांस हुतूतू खेळावयास बोलाविले. उपदेश काही केला नाही. "खुशाल ओढा रे," म्हणाले, "फक्त पलीकडच्या गड्यास शिवून एका दमात परत या." पोरे गेली आणि मध्येच खोकली आणि धरली गेली आणि मोठे हसे जाहले. मग एकेकाने आपण होऊन चिलीम टाकली. बापाच्या काठीस न भिणारी पोरे सोबत्यांच्या हसण्यास भ्याली. त्यांत सुभान्या म्हणून आत्याने वाढविलेला पोरका पोरगा होता. त्याची चढाई ऐसी की समोरचे गडी बांधून घातल्यासारखे उभे राहत. आत्या ठकूबाई पाणवठ्यावर सांगत, "ओरडून ओरडून भूक किती लागते मेल्याला! भाकऱ्या थापून माझे हात मोडले," आणि सांगताना हसत.

ही कीर्ती श्रीमंतांचे कानी गेली. श्रीमंत संतोष पावले आणि व्यसन अवघ्या राज्यातून घालवावे ऐसे मनी आणिले आणि कारभारी नारोपंत यांस हुकूम लिहावयास सांगितले. चिलीम हा शब्द राजमुद्रेखाली शोभत नाही, म्हणून नारोपंतांनी लिहिले, "राज्यात दमास मनाई केली असे. दमाचा अड्डा दिसेल तेथे बंद करावा." मग कोतवाल रखमाजी शोधास निघाले. चिलीम ओढणारा मुकाट ओढतो, तो सापडला नाही. हुतूतू खेळणारा ओरडतो, तो वेशीपासून ऐकू आला. कोतवाल मैदानात आले आणि पुसते जाहले, "वस्ताद, येथे दम धरतात?"

"धरतात तर! दमावाचून हुतूतू म्हणजे नवऱ्यावाचून वरात."

"म्हणजे कबूल आहा."

"अहो कोतवाल, तो दम वेगळा, हा दम वेगळा!"

"हुकुमात एकच आहे," कोतवाल बोलले आणि फाटकास कुलूप घातले.

वस्ताद कारभाऱ्यांकडे गेले. नारोपंतांस चूक तत्काळ उमगली, हे येथे लिहिले पाहिजे. परंतु ते म्हणाले, "शिक्का उठला, वस्ताद. शब्द चुकला म्हणावे तर शेजारची दरबारे हसतील." श्रीमंतांस कळविले, तेही म्हणाले, "दसऱ्यास पाहू." मग दसरा आला आणि गेला, आणि पुढचाही गेला, आणि मैदानाच्या भिंतीमागे पोरे एकेक करून येऊन मुकाट ओढत बसू लागली. सुभान्याही बसला. ठकूबाई कडाडल्या, "मैदान गेलं तर गेलं, घरचं अंगण काय चोरीला गेलं होतं?" तो म्हणाला, "आत्या, अंगणात पलीकडे कोण उभं राहतं गं?"

अखेर ठकूबाईंनी त्याचे मनगट धरून भर दरबारात आणिले. श्रीमंतांनी नाव ओळखिले आणि कौतुकाने म्हणाले, "तोच का हा? एक चढाई करून दाखीव." सुभान्याने मुजरा केला आणि अंगठ्याने गालिच्यावर रेषा ओढली आणि हुतूतू म्हणत निघाला, आणि नारोपंतांच्या उपरण्यास हात लागला तोच खोकला उसळून खाली बसला. एक मानकरी हसला. दुसरा कोणी हसला नाही. पोराने मान वर केली. "शिवलं, महाराज," म्हणाला, "पण परत जायला दम नाही." राजवैद्यांनी पाठीस कान लावून ऐकिले आणि औषध चालू करू म्हणाले, छाती पूर्ववत होईल ऐसे मात्र म्हणाले नाहीत. ठकूबाईंनी त्यास पदराने पुसले आणि श्रीमंतांकडे नुसते पाहत राहिल्या.

येणेप्रमाणे ज्यांचा दम सोडवावयाचा त्यांचा तसाच राहिला आणि ज्यांनी धरिला होता त्यांचा गेला. आणि कुलूप लागले त्याच दिवशी जे बोलावयाचे, ते श्रीमंत आज आसनावरून उठून बोलिले, "हुकूम आमचा चुकला. मैदान उघडा."