झिपराबाईच्या तीन खोल्या

एका जंगलात, मुलांनो, झिपराबाई नावाची अस्वलीण राहत होती. तिला दोन पिल्लं होती, आणि येत नाही असं एकही काम नव्हतं.

कड्यावरचं आग्या मोहोळ ती सकाळच्या आंघोळीआधी उतरवून आणायची. माती उकरायला बसली, तर दुपारच्या झोपेपर्यंत गुहा तयार.

तिच्या शेजारी साळोजी नावाचं साळिंदर राहायचं. साळोजीला फारसं काही येत नसे. मोहोळाचं तर त्याने नावच काढू नये. उकरायचा मात्र तो. हळू उकरायचा, पण उकरायचा.

म्हणून दोघांचं ठरलेलं होतं. साळोजीने दोघांच्या गुहा खोदायच्या, झिपराबाईने दोघांसाठी मध आणायचा. साळोजीला खोदायला चांगले चार दिवस लागत. पण तेवढ्यात झिपराबाई सगळा कडा निथळवून आणी, आणि साळोजीच्या घरीही मधाचा भोपळा भरे. पिल्लं गुबगुबीत होती. साळोजीही होता, पण काट्यांमुळे ते दिसत नसे.

पुढे त्या जंगलात काळतोंडे गुरुजी आले. ते वानर होते आणि व्याख्यानं देत. विषय स्वावलंबन. गुरुजी फांदीवर बसून बोलत, श्रोते खालून फळं पुरवत.

एकदा व्याख्यान मध्येच थांबवून गुरुजींनी विचारलं, "झिपराबाई, तुमची गुहा कोण खोदतं?"

"आमचे साळोजी."

"तुमच्यापेक्षा चांगली खोदतात?"

"छे हो! माझ्या निम्म्यानेही नाही."

"मग एवढ्या धडधाकट तुम्ही, आणि त्या बिचाऱ्याच्या जिवावर राहता?"

सभा हसली. झिपराबाईला ते इतकं लागलं की त्या दिवशी ती जेवली नाही. साळोजी मागच्या मागे निघून गेला. त्याला आजवर कोणी बिचारा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून झिपराबाई स्वतः खोदू लागली. काय सुरेख खोदलं तिने! एक खोली झाली. मग वाटलं, पिल्लांना वेगळी हवी. मग पाहुण्यांना.

"आई, मध?" पिल्लं विचारत.

"थांबा रे, भिंत सारखी होऊ दे."

तिकडे कड्यावरची मोहोळं भरली. माशांनी आपला मध आपणच खाल्ला आणि त्या उडून गेल्या.

एका मोहोळावर मात्र साळोजी चढला होता. त्यालाही स्वाभिमान होताच. माशांना त्याच्या काट्यांचं काही वाटलं नाही. त्यांनी नाक निवडलं. साळोजी खाली करवंदीच्या जाळीत पडला.

गुरुजींनी दोघांचा सत्कार केला. झिपराबाईला 'स्वावलंबनरत्न' म्हणून झेंडूचा हार घातला. ती घरी आली, तर धाकटं पिल्लू भिंतीची माती चाटत होतं. तिने हार काढून ठेवला. पिल्लांनी तो खाल्ला.

झिपराबाई तशीच साळोजीकडे गेली.

"नाक कसं आहे?"

"मोठं आहे."

ती त्याच्याजवळ बसली. मग म्हणाली, "साळोजी, मी खोदत होते तेव्हा मध कोण काढत होतं?"

साळोजीने नीट विचार केला. "कोणी नाही."

"म्हणजे तीन खोल्यांपायी मी अख्खा कडा घालवला की! पलीकडच्या कड्यावर अजून मोहोळं आहेत. पण पावसाळा तोंडावर आलाय, आणि माझ्या गुहेभोवती चर खणायचा राहिलाय. पाणी आत शिरेल."

"चर मी खणतो. हळू होईल."

"होऊ दे हळू."

"आणि गुरुजी?"

"त्यांना कशाला सांगायचं?"

झिपराबाई कड्याकडे धावली. साळोजी मातीला लागला. पावसाळा आला तेव्हा तिची गुहा कोरडी होती, आणि पिल्लांची पोटं पुन्हा जमिनीला टेकू लागली होती.

गुरुजींनी ती पोटं सभेला दाखवली. "पाहा, हे स्वावलंबनाचं फळ!"

झिपराबाईने मान डोलावली. साळोजीने टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर गुरुजी फांदीवरून थोडे खाली सरकले. "झिपराबाई, जरासा मध मिळेल का?"

"कडा पलीकडे आहे, गुरुजी," झिपराबाई अगदी आदराने म्हणाली.

तात्पर्य : स्वावलंबन हा फार थोर गुण आहे. तो टिकवायचा असेल, तर शेजारी चांगला पाहावा, आणि त्याच्याकडून काय काय करून घेतो हे चारचौघांत बोलू नये.