किसनराव पाटलांचा कोट

सातव्या महिन्यातच आलेली नात रडायची ती मांजराच्या पिल्लागत. नर्स कोकिळाबाई म्हणाल्या, "हिला सारखी अंगाची ऊब द्या. खणखणीत रडली, की समजा पोरगी जिंकली!"

पण ऊब देणार कोण? आई आशा जागरणांनी आडवी झालेली, आजी रुखमाबाई खोकत होती, बाप मलकापूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. कोकिळाबाईंची नजर आजोबांच्या ऐसपैस पोटावर थांबली.

"मी?" किसनराव गरजले. गरजणं हाच त्यांचा साधा आवाज. वडीलधाऱ्यांपुढं स्वतःचं लेकरूही कधी न उचललेला हा माणूस! पण नातीचा गार तळपाय हाताला लागला आणि गडी विरघळलाच. पोरगी छातीशी, वरून लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं.

"गावात कोनाले सांगू नोका. हासतीन लोकं," त्यांनी दम दिला, तोही कुजबुजत.

कोकिळाबाई दुसऱ्या घरी गेल्या आणि शेजारचा नजीर आला.

"पाटील, बैलजोडी देता का?"

"घेऊन जाय बाबा," कोटातली पोर जागी होऊ नये म्हणून किसनराव पुटपुटले.

नजीर हबकला. आधी शिव्या, मग बैल, हा आजवरचा रिवाज! तो बैल विसरून पारावर धावला. "पाटलाचा आवाज गेला हो!" पारापासून एसटीच्या थांब्यापर्यंत जाताजाता बातमीत आवाजाबरोबर पाटीलही जायला निघाले. एसटीनं ही खबर शेजारच्या गावी, बहिणीच्या दारात नेली.

दुपारी गोजरबाईनं अंगणातूनच हंबरडा फोडला, "माह्या भाऊराया रे! मले टाकून कुठी चालला रे!" मागं अर्धं गाव, आणि लोकांनी ओढत आणलेल्या कोकिळाबाई.

किसनराव जिवाच्या आकांतानं 'गप, गप' खुणावत होते. लोकांना वाटलं, निरोप घेताहेत. गोजरबाईनं दुप्पट सूर लावला.

तेवढ्यात कोट हलला, आणि कोटातून असं काही 'ट्यँहाँ' उठलं की गोजरबाईचा हंबरडा घशातच राहिला!

आशा आतून धावत आली. "आत्याबाई, रडली वं! माही पोर रडली!" तिला हसूही आवरेना आणि रडूही. अंगणात एकच गलका झाला. रुखमाबाईनं गुळाची ढेप फोडली.

"माह्यामुळं रडली!" गोजरबाई डोळे पुसत सगळ्यांना सांगत सुटली.

"आता द्या तिला आईकडे," कोकिळाबाई हसत म्हणाल्या.

किसनरावांनी सुटलेलं बटण पुन्हा लावलं.

"काऊन? येवढं गाव मले पाहाले आलं, ते काय उगीच? मी बिमार हाओ. दोन महिने तं उठतच नाई!"