गायधनी सर आणि माझा उजवा हात

माझ्या मावसबहिणीचं लग्न पंचवटीतल्या कार्यालयात होतं. मंगलाष्टकं चालू होती. मी अक्षता टाकायला हात वर केला आणि मागून कुणीतरी माझं मनगटच धरलं.

"खालून सोड, खालून! कालच अख्खा सामनाभर चेंडू टाकलेस."

गायधनी सर. आमचे शेजारी. दिवसभर बँकेत कॅशियर आणि संध्याकाळी मुलींच्या बेसबॉल संघाचे प्रशिक्षक. नव्वदच्या दशकात नाशकात बेसबॉल म्हटलं की लोक "म्हणजे क्रिकेटच ना?" असं विचारायचे. मी संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. त्यामुळे माझा उजवा हात सरांच्या लेखी माझा नव्हताच.

रस्त्यात भेटले की पहिला प्रश्न, "खांदा काय म्हणतोय?" मी कशी आहे, हे नंतर. सामना संपला की सावकाश पळायचं, मग हलक्या हाताने थोडे चेंडू टाकायचे, मग बर्फ. आमच्याकडे फ्रीज नव्हता. सर रसवंतीवरून बर्फाचा तुकडा टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर मांडीत ठेवून आणायचे. त्यांची भिजलेली पँट बघून गल्लीत खसखस पिकायची, पण सरांचं लक्ष बर्फ किती उरलाय याकडे.

दुसऱ्या दिवशी चेंडूला हात लावायचा नाही. उजव्या कुशीवर झोपायचं नाही. कणीक मळायची नाही.

"मग पोळ्या तुमच्याकडून लाटून आणू का?" आई एकदा वैतागून म्हणाली.

"चालेल. पीठ पाठवा," सर गंभीरपणे म्हणाले.

जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात आम्ही पुढे होतो. एक चेंडू टाकल्यावर मी नकळत खांदा चोळला. सर धावतच मैदानात आले.

"दुखतंय?"

"थोडंसं. पण सर, आता थोडंच राहिलंय."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "बाहेर ये."

मुली ओरडल्या. माझे बाबासुद्धा ओरडले. सरांनी कुणाचंच ऐकलं नाही. माझ्या जागी दुसरी मुलगी आली आणि आम्ही हरलो. परतताना बसमध्ये सरांशी कुणी बोललं नाही.

सकाळी मी भांडायचं ठरवूनच त्यांच्या घरी गेले. दार उघडंच होतं. काकू पाटावर बसल्या होत्या आणि मागे बसून सर, दातात रिबन धरून, त्यांची वेणी घालत होते.

मी दारातच थबकले. काकूंनी मला पाहिलं.

"ये गं. माझा हात वर जात नाही ना. कॉलेजात मीही पिचरच होते. हे आमच्या संघाचे मॅनेजर."

सरांनी दातातली रिबन काढली. "ही म्हणाली होती, दुखतंय. मीच म्हटलं, एवढा सामना काढ."

"झालं आता ते," काकू म्हणाल्या. "किती वर्षं तेच घेऊन बसाल?"

सरांच्या हातातला पेड सुटला होता, तो त्यांनी हलकेच पुन्हा घेतला.

"ओढलं गेलं का गं?"

"नाही हो."

मी चपला काढल्या आणि वेणी पूर्ण होईपर्यंत काकूंजवळ बसून राहिले.