तारेतला आकडा

नानांच्या वाडीत नारळ पडत नाहीत. पडायच्या आत, शहाळंही धरायच्या आधी नाना ते सगळे उतरवून घेतात. झाडावर चढणारा गडी एकदा वैतागून म्हणाला, "नाना, अजून पानी पन धरलं न्हाय. कोन घेल हे?"

"कुणी नको घेऊ दे. घराजवळ धप्प आवाज नको," नाना म्हणाले.

रेवदंड्याच्या अलीकडे आमचं छोटं गाव आहे. नाना माझे शेजारी. मुंबईत त्यांनी आयुष्यभर कचेऱ्यांमधली यंत्रं दुरुस्त केली आणि निवृत्त होताना कुणालाच नको असलेला एक जुना कॅल्क्युलेटर घरी आणला. टाइपरायटरएवढा मोठा, काचेच्या नळ्यांमध्ये नारिंगी आकडे उजळणारा. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्या पदवीतलं गणित नानांनी याच यंत्रासमोर बसवून माझ्याकडून करून घेतलं. त्यामुळे गाव त्यांना हसतं तेव्हा मला हसता येत नाही. म्हणजे येतं, पण मी घरी येऊन हसतो.

या यंत्रात चिप नाही. त्याच्या पोटात एका लांब तारेचं वेटोळं आहे, तव्याएवढं. आकडा म्हणजे त्या तारेला एका टोकाला दिलेले बारीक पीळ. ते तारेतून धावत दुसऱ्या टोकाला पोचतात, तिथे यंत्र त्यांना झेलतं आणि पुन्हा पहिल्या टोकाला आणून सोडतं. असं अखंड. "आकडा यात ठेवलेला नसतो रे," नाना सांगतात, "तो चालत असतो. वीज गेली की संपला. जोराचा धक्का बसला की चुकला."

म्हणून नानांचा इन्व्हर्टर फ्रिजला नाही, कॅल्क्युलेटरला जोडलेला आहे. त्यांच्याकडे मासे नासतात, आकडा नासत नाही. दार आपटलं की ते आतून "हळूऽ" म्हणतात. पोस्टमनसुद्धा त्यांच्या ओटीवर चवड्यांवर चालतो.

यंत्रात वर्षभर चालणारा हा आकडा नानांच्या बायकोचा, काकूंचा. गेल्या वर्षी त्यांनी पदराच्या टोकाने यंत्रावरची धूळ पुसली तेव्हा यंत्र चालू होतं. भराभर कळा दाबल्या गेल्या. "पुसतेस की हिशेब करतेस?" नाना ओरडले. "तुमच्यापेक्षा बरा आला असेल," काकू म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या. आकडा राहिला.

मी एकदा म्हटलं, "नाना, कागदावर उतरवून ठेवा. वीज गेलीच तर पुन्हा दाबता येईल."

"मी दाबला तर तो माझा होईल," ते म्हणाले.

यंदा गावदेवीची पालखी आली. गेल्या वर्षी सुतकामुळे ती नानांच्या दारी थांबली नव्हती. आमच्याकडे पालखी नुसती येत नाही, दारात नाचवतात. ढोल वाजतो, माणसं खांद्यावर पालखी घेऊन उडतात, अंगण हादरतं. सकाळपासून नाना आणि मी यंत्राखाली उशा, उशांखाली गोधड्या सारत होतो. यंत्र बाळंतिणीसारखं दिसू लागलं.

पण पालखीवाल्यांचा म्होरक्या पांडूदादा आधीच सगळं ठरवून आला होता. कुंपणापाशी त्याने हात वर केला. ढोल थांबला. पालखी पावलं न वाजवता अंगणात आली, टेकली. कुणी खोकलंसुद्धा नाही. दुपारच्या उन्हात ते सगळं झोपेत पाहिल्यासारखं वाटत होतं. मी ओटीचं ताट पुढे केलं. पांडूदादा कुजबुजला, "उचला रं. हलकं हलकं."

"का रे पांडू?" नाना म्हणाले.

"तुमचा आकडा हाय ना आत."

नाना उघड्या दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमची ही पालखीला पोटभर नाचल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. वाट अडवून उभी राहायची."

"व्हय. ठावं हाय आमाला."

"मग नाचवा."

"नाना, आतमधी..."

"नाचवा म्हणतो ना."

ढोलावर टिपरी पडली. सुपारीच्या झावळ्यांतून धूळ उडाली, ओटीवरची तांब्याभांडी नाचली. नानांनी दोन्ही हात जोडले होते आणि डोळे मिटले होते. पालखी पोटभर नाचली, मग वळून खाडीकडच्या वाटेला लागली.

आम्ही आत गेलो. नळ्या उजळलेल्या होत्या. पण मधले काही अंक बदलले होते, आणि शेवटी कुठून तरी एक नऊ येऊन बसला होता.

मी बटणापाशी हात नेला. "बंद करू का, नाना?"

नाना खुर्ची ओढून समोर बसले. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि तो आकडा डावीकडून उजवीकडे सावकाश वाचला.

"राहू दे," ते म्हणाले. "ही माहेराहून आली की अशीच जरा वेगळी दिसायची."