सासऱ्यांचं घोंगडं आणि पलटणीतली पिन

मेव्हणीच्या साखरपुड्याला आटपाडीत पोचल्यावर नाथाजींनी एकच छोटासा निर्णय घेतला. सासऱ्यांचं घोंगडं खांद्यावर टाकून थोरल्या जावयाच्या रुबाबात मिरवायचं!

सासरे हरिबा म्हणजे जुने मेंढपाळ. घरच्या मेंढरांच्या लोकरीचं ते काळंभोर घोंगडं ते पोटच्या पोरालाही देत नसत. पण जावयाला नाही कसं म्हणणार?

"पावणं, दोरा निघता कामा नये."

"न्हाई निघणार, मामा!" नाथाजी म्हणाले. सासऱ्यांनी एकदा तरी 'जावई बरा हाय' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती. (लग्नापासूनची.)

घोंगडं मात्र खांद्यावर ठरेना. तेव्हा मेव्हणा बिराप्पा मदतीला आला. तो पलटणीच्या बँडात पिशवीचा बॅगपाईप वाजवायचा. तिथल्या घागऱ्यासारख्या किल्टला लावायची जाडजूड पिन त्यानं काढून दिली.

"दाजी, टोक खुपसू नका. दोरं हलक्या हातानं बाजूला सारा आन् मधनं पिन घाला. मागं कापडाचा तुकडा ठेवा, म्हंजे लोकरीला वज्जं हुत न्हाई. आन् फकस्त वरच्या पदराला लावा. खालच्यात अडकली की ओढ बसून फाटतंय."

नाथाजींनी मान डोलावली. (ऑफिसात त्यांचं हेच काम.) मग आरशासमोर उभं राहून त्यांनी नखानं एकेक दोरा सारला. कापडाचा तुकडा काही सापडेना. पण आत नवाकोरा, कडक इस्त्रीचा शर्ट होताच की!

"आवं, शर्टाला कशापायी टोचताय?" बायकोनं, विजयमालानं विचारलं.

"आधार लागतो, अगं."

"कुणाला?"

नाथाजी रुबाबात दारापुढच्या मांडवात आले. इतक्यात नवऱ्यामुलाचे आजोबा दारात आले. पाहुण्याला घोंगडं अंथरायची त्या घरची रीत. हरिबांनी जावयाच्या खांद्यावरचं घोंगडं धरून हिसडा मारला.

"मामा, थांबा! पिन..."

मेंढरं आवरलेला हात तो. टर्रकन आवाज झाला. अर्धा शर्ट बाहीसकट घोंगड्याबरोबर गेला, उरलेला कमरेवर लोंबला आणि भर मांडवात नाथाजी बनियनवर उभे राहिले. ते बनियन विजयमालानं फरशी पुसायला काढून ठेवलं होतं.

हरिबांनी आधी शर्टाची चिंधी सोडवून बाजूला टाकली. मग घोंगडं उन्हात धरलं, उलटंसुलटं केलं, सगळीकडून हात फिरवला.

"एक दोरा हालला न्हाई!" हरिबांचा चेहरा खुलला. "बिराप्पा, पिन लय गुणाची हाय रं!"

आजोबा घोंगड्यावर टेकले. समोरच्या बनियनकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "ह्ये आचारी व्हय?"

हरिबांनी जावयाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, क्षणभर विचार केला आणि म्हणाले,

"व्हय. भात बरा करत्यात."