साळव्यांच्या ज्वारीत हरणे चौदा

हरणं ज्वारीत शिरली की माणूस काय करतो? ओरडतो, डबा वाजवतो, दगड हाणतो. आमचे करीमचाचा मोजायचे.

मी गोफण घेऊन धावत यायचे आणि हा खाकीतला पोस्टमन माझ्याच बांधाला सायकल टेकवून, हात वर करून मलाच थांबवायचा. "थांबा बाई, एक पाडसू राहिलंय मोजायचं. मग हाणा."

"अहो, पीक खायलेत की माझं!"

"खायलेत ते बी लिहितो."

आता अशा माणसाला काय म्हणावं? मी तोंडाची फटकळ. जे म्हणायचे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आमचं गाव वालूरकडचं. आमच्या वस्तीतल्या पाच-सहा घरांनी गावाबाहेरचं पडीक गायरान फोडून ज्वारी लावली होती. करीमचाचा रोज सकाळी पत्रांची थैली घेऊन त्याच माळावरून पलीकडच्या गावाला जायचे. एकदा परभणीहून संशोधन करणारे एक साहेब जीपमधून आले. माळावर हरणं किती, चरतात कुठं, शेतकऱ्याचं खातात किती, हे त्यांना बघायचं होतं. त्यासाठी रोज एकाच वेळेला एकाच वाटेनं जाणारा माणूस पाहिजे होता, आणि असा माणूस अख्ख्या पंचक्रोशीत एकच. साहेबांनी चाचांना छापील तक्ते दिले. तारीख, नर, माद्या, पाडसं, कुणाच्या शेतात. "एक हंगाम भरा," म्हणाले आणि गेले.

चाचांनी अकरा वर्षं भरले. तक्ते संपले तशा सेलूच्या बाजारातून वह्या आणल्या.

"लिहिलेलं बरं असतंय, बाई," हे त्यांचं पालुपद. आणि पानावर तारीख हातानं टाकायची नाही, पोस्टाचा शिक्काच मारायचा! पोस्टमास्तर कावायचे, "सरकारी शिक्का हरणांच्या वहीवर? माझी नोकरी घालवता काय?" चाचा थंडपणे म्हणायचे, "हाताची तारीख माणूस खोटी बी टाकतंय, मास्तर. शिक्का खोटं बोलत न्हाई." एकदा अंगात फणफणून ताप असताना घोंगडी पांघरून माळावर आले. पत्रं दुसऱ्या दिवशी वाटली, हरणं मात्र त्याच दिवशी मोजली.

खोटं कशाला बोलू, त्या वह्यांचा मला एकदा उपयोगही झाला. चार वर्षांची पानं चाळून चाचा म्हणाले, "बाई, करडईचं रान जिथं हाय तिथं हरणं शिरत न्हाईत. काटे टोचतात. तुमी बांधाच्या कडेनं चार तासं, चार ओळी करडई पेरा." पेरली. निम्मी ज्वारी तरी हाती लागली. निम्मी हरणांनी खाल्लीच, पण त्याबद्दल मी त्या वर्षी शिव्या जरा कमी दिल्या.

मग सरकारनं ठरवलं, ज्यांनी आधीपासून गायरान कसलंय त्यांच्या नावावर ते करायचं. गावातले काही जण लगेच उठले, "हे तर परवा घुसलेत." आमच्याकडं जुने कागद होते, पण नामांतराच्या दंगलीत वस्तीला आग लावली तेव्हा घरासोबत तेही जळाले. पुरावा नसेल तर जमीन जाणार, आणि आम्ही पुन्हा दुसऱ्याच्या शेतात मजुरीला. सुनावणीच्या दिवशी माझे घरधनी एकटेच बसमध्ये बसून तहसीलला गेले. मी बांधावर बसून रडत होते. चाचांनी विचारलं, मी सगळं सांगितलं. त्या दिवशी त्यांनी एकही हरीण मोजलं नाही. म्हणाले, "चला बाई," आणि सायकल आपल्या घराकडं वळवली.

आम्ही तहसीलला पोचलो तेव्हा घरधनी खाली मान घालून उभे होते. चाचांनी पिशवीतून सगळ्या वह्या काढून तहसीलदार साहेबांच्या टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एक उघडून मोठ्यानं वाचली, "साळव्यांच्या ज्वारीत हरणे चौदा. नर दोन. बाई गोफण घेऊन आल्या. मला बी शिव्या दिल्या."

अख्खी कचेरी हसली. मी पदर तोंडाशी धरला. साहेब मात्र हसायचं थांबून शिक्के बघायला लागले. पानामागून पान, वर्षामागून वर्ष, साळव्यांची ज्वारी. ज्या हरणांच्या नावानं मी जन्मभर तळतळाट केला, त्यांच्या खाण्यानंच आमच्या पेरणीची साक्ष दिली की हो!

"या वह्या फायलीला लावाव्या लागतील," साहेब म्हणाले. "परत मिळायच्या नाहीत."

चाचांनी वरच्या वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "लावा."

जमीन आमच्या नावावर झाली. सातबारा हातात आला त्या दिवशी मी चाचांना वाटेत गाठलं. डोळ्यांत पाणी होतं, तरी मनात टोचत होतं ते विचारलं. "चाचा, ते परभणीचे साहेब आले तर आता काय दाखवाल?"

चाचा हसले. "पहिल्या हंगामाचे तक्ते मी पाठवले होते, बाई. साहेब बदलून गेले म्हणून पाकीट परत आलं. माझ्याच थैलीत आलं. माझं मीच घेतलं."

"म्हणजे कुणी बघणारच नव्हतं? मग लिहीत कशाला होता?"

ते थैलीचा पट्टा सारखा करत राहिले. "घरी कुणी न्हाई, बाई. जन्मभर लोकांची पत्रं वाटली, मला एक बी आलं न्हाई. हरणं दिसली की वाटायचं, आज आपल्यापाशी बी कुणाला कळवायसारखं कायतरी हाय."



बाजारच्या दिवशी सेलूला गेले आणि एक पोस्टकार्ड घेतलं. सातवीनंतर मी पेन हातात धरलं नव्हतं. अक्षरं वाकडी आली, एक शब्द खोडलाही. लिहिलं, "करीमचाचांना सुलोचना साळवेचा जयभीम आणि सलाम. तुमच्यामुळं आमची जमीन राहिली. आम्ही तुमचे उपकार विसरणार नाही. हुरडा आलाय. खायला यावे." तिथल्याच पेटीत टाकलं.

चौथ्या दिवशी सकाळी चाचा बांधावर सायकलवरून उतरले. थैली खाली ठेवली. कार्ड दोन्ही हातांत धरून माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई," म्हणाले, "आज मला पत्र हाय. वाचून दाखवू?"